घरून मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे काम नेमकं काय असतं?

डॉक्टर पेशंट तपासल्यावर त्याची हकीकत, तपासणी, निदान आणि औषधं तोंडी रेकॉर्ड करतो. ते ऐकून ठरलेल्या नमुन्यात बिनचूक इंग्रजी रिपोर्ट तयार करणं हे ट्रान्स्क्रिप्शनिस्टचं काम. बहुतेक काम अमेरिकेतल्या दवाखान्यांचं असतं. रिपोर्टचे प्रकार ठरलेले आहेत: पहिल्या तपासणीचा हिस्टरी अँड फिजिकल, तज्ज्ञाचा कन्सल्टेशन, शस्त्रक्रियेचा ऑपरेटिव्ह रिपोर्ट, घरी सोडतानाची डिस्चार्ज समरी, ओपीडीची छोटी नोंद आणि एक्स-रे, सीटी, एमआरआयचे रेडिओलॉजी रिपोर्ट. यात ओपीडीची नोंद सगळ्यात सोपी. ऑपरेटिव्ह रिपोर्ट सगळ्यात अवघड, कारण हत्यारं, टाके आणि स्नायूंची नावं एका दमात येतात.

याला टायपिंगचं काम समजून येणारे पहिल्या महिन्यात कंटाळून जातात. हाताचं काम यात थोडं आहे. खरं काम कानाचं, आणि ऐकलेलं वैद्यकीयदृष्ट्या जुळतंय का हे ठरवण्याचं.

आता मशीनच ऐकून लिहितं. मग शिकून उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. कोऱ्या पानावर सगळं टाईप करायचं काम खूप कमी झालंय. २००९ च्या हायटेक कायद्यानंतर अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड वाढले आणि बरेच डॉक्टर तयार चौकटीतच नोंदी करू लागले. नंतर आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर सुधारली. आता तर डॉक्टर आणि पेशंटचं बोलणं ऐकून थेट नोंद तयार करणारी साधनं आली आहेत.

उरलेलं काम मुख्यतः एडिटिंगचं आहे. मशीनने लिहिलेला मजकूर समोर असतो, कानात मूळ आवाज असतो आणि तुम्ही चुका पकडता. हे सोपं वाटतं, पण नवख्याला टायपिंगपेक्षा जड जातं. मशीनचं वाक्य व्याकरणात चोख असल्याने डोळा फसतो. ‘नो’ एवढा एक शब्द गळला तर ‘छातीत दुखत नाही’चं ‘छातीत दुखतंय’ होतं आणि वाक्य तरीही बरोबर दिसतं. डॉक्टर मध्ये थांबला असेल तर त्या शांततेत काही मशीनं न बोललेलं वाक्यही घालतात.

म्हणून आमचं मत असं: निव्वळ टायपिस्ट व्हायला या क्षेत्रात येऊ नका. वैद्यकीय भाषा पक्की करून एडिटर किंवा क्यूए (तयार रिपोर्टची अचूकता तपासणारा) व्हायचं असेल तर जरूर या. मात्र आयुष्यभराची खात्रीची नोकरी म्हणून कर्ज काढून कोर्स करू नका.

दहावीपर्यंत मराठी माध्यम झालंय. जमेल का?

जमतं, पण इंग्रजीवर तीन ठिकाणी वेगळी मेहनत लागते.

पहिलं, ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं. मराठीत ती नाहीत, म्हणून आपल्या कानातून निसटतात. दुसरं, काळ. पेशंटची हकीकत बहुधा भूतकाळात येते आणि तपासणीत काय दिसलं ते वर्तमानकाळात. डॉक्टर एका रिपोर्टमध्ये दोन्हींत ये-जा करतो. तिसरं, इंग्रजी ‘ही’ (तो) आणि ‘शी’ (ती) यांची अदलाबदल. बाई पेशंट आहे आणि तिसऱ्या ओळीत ‘ही’ आलं, तर ती क्यूएमध्ये चूक धरली जाते.

बोलता इंग्रजी फाडफाड येण्याची गरज नाही. मुलाखतीत पाच-दहा मिनिटं बोलावं लागेल, तेवढं पुरे.

कन्नड लागतं का?

या कामाला नाही. कंपनीचा पत्रव्यवहारही इंग्रजीतच असतो.

हे अवघड वैद्यकीय शब्द पाठ कसे करायचे?

पाठ करू नका, समास सोडवतो तसे सोडवा. बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे आहेत. ‘कोलेसिस्टेक्टमी’ घ्या: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढून टाकणं. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. आता शेवट बदला: ऑटमी म्हणजे छेद देणं, ऑस्टमी म्हणजे तोंड तयार करणं, आयटिस म्हणजे दाह. सुरुवातीला हायपो असेल तर कमी, हायपर असेल तर जास्त.

असे दीडशे-दोनशे तुकडे पक्के झाले की न ऐकलेला शब्दही कानाला फोडता येतो. रोज दहा तुकडे आणि प्रत्येकाचे तीन शब्द वहीत हाताने लिहा. शरीररचना एकेका संस्थेची घ्या. आधी हृदय, मग फुप्फुसं, मग पोट-आतडी, हाडं-सांधे शेवटी. प्रत्येक संस्थेबरोबर तिच्या नेहमीच्या चाचण्या आणि पंधरा-वीस औषधंही शिका. अमेरिकेत औषधांची नावं वेगळी असतात. आपली पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन होते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होतं.

टायपिंगचा वेग किती हवा?

मिनिटाला चाळीस शब्द, तेही कीबोर्डकडे न बघता. टायपिंगची ज्युनिअर परीक्षा दिली असेल तर बोटांचं वळण तयारच असतं. पुढचा वेग बोटांपेक्षा संक्षेपांतून येतो. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये किंवा टेक्स्ट एक्सपांडरमध्ये नेहमीची वाक्यं तीन-चार अक्षरांत साठवायची. एक पथ्य पाळा: संक्षेप म्हणून खरा इंग्रजी शब्द कधीच घेऊ नका, नाहीतर तो नको तिथे उलगडतो.

सामान काय घ्यायचं?

आठ जीबी रॅमचा साधा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप चालतो. मात्र लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड लावा आणि स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर उचला, नाहीतर महिन्याभरात मान धरते. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा येतो, त्यामुळे पेडल सोडल्यावर शब्दाचं शेपूट कापलं जातं.

फूट पेडल ही खरी गुंतवणूक. त्याला तीन पट्ट्या असतात: मधली दाबली की आवाज सुरू, एक बाजू मागे नेते, दुसरी पुढे. हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. पाय उचलून परत दाबला की ऑडिओ एक-दोन सेकंद मागून सुरू होईल असं सेटिंग करून घ्या. एक्सप्रेस स्क्राइबसारख्या सॉफ्टवेअरवर सराव करता येतो. शिकताना पहिला महिना पेडलऐवजी फंक्शन कीवर काढला तरी चालतं. हे काम तुम्हाला झेपतंय हे कळल्यावरच पेडल घ्या.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते. त्यावर काय करायचं?

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा, कारण रिपोर्ट वेळेत गेला नाही तर कंपनीला दंड बसतो आणि तुमचं काम कमी होतं.

हिशेब असा करा. लॅपटॉप ६५ वॅट, राउटर १५, एलईडी दिवा १०, पंखा ६०. सगळं मिळून दीडशे वॅट. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर असतात, पण वापरण्याजोगे साधारण हजार धरा. म्हणजे सहा-साडेसहा तास निघतात. पंखा बंद ठेवला तर दहा तासांपर्यंत. या इन्व्हर्टरवर टीव्ही, मिक्सर लागला की हा हिशेब मोडतो, म्हणून घरात आधीच सांगून ठेवा.

इंटरनेटला वेग फार लागत नाही. दहा मिनिटांची ऑडिओ फाईल दहा एमबीच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असते. हवी ती स्थिरता. घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं, कारण काही केबलवाल्यांच्या लाईनवर खांबावरच्या डब्यालाही वीज लागते. घरापर्यंत थेट फायबर असेल तर वाटेत वीज लागत नाही. कनेक्शन घेण्यापूर्वी नेमकं हेच विचारा: ‘एक्स्चेंजपासून माझ्या घरापर्यंत मध्ये कुठे वीज लागते का?’ आणि मोबाईल हॉटस्पॉटवर काम केलेलं कंपनीला चालतं का, हे आधी लेखी विचारून ठेवा. पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

एक फाईल हाताळण्याची पद्धत काय?

आधी पेशंटची माहिती आणि रिपोर्टचा प्रकार ऑडिओशी जुळतो का ते बघा. इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या माणसाच्या नावावर जाते. मग ऑडिओ ऐकत पहिला हात फिरवा. अडलेल्या जागी दोन-तीनदा ऐका, वेग ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आणून एकदा ऐका आणि तरी कळलं नाही तर तिथे खूण करून पुढे चला. एकाच शब्दावर पंधरा मिनिटं घालवू नका. डॉक्टर तोच शब्द पुढे निदानात बहुधा पुन्हा आणि जास्त स्पष्ट बोलतो.

संपल्यावर मागे येऊन खुणा भरा. नंतर आवाज पूर्ण बंद करून फक्त मजकूर वाचा. वर उजवा गुडघा आणि खाली डावा, वर पेनिसिलिनची ॲलर्जी आणि खाली अमॉक्सिसिलिन असे विसंवाद या वाचनातच सापडतात. तिथे स्वतः दुरुस्ती करायची नाही. डॉक्टर बोलला ते ठेवून त्याकडे लक्ष वेधणारी नोंद जोडायची. नेमकं काय खरं हे डॉक्टरच सांगू शकतो.

सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

आकड्यांत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईच्या डिक्टेशनमध्ये सारखेच ऐकू येतात. औषधाचा डोस असेल तर तो डोस त्या औषधात मिळतो का ते तपासा.

मग जुळ्या शब्दांत. ‘इलियम’ हा एकच उच्चार, पण एका स्पेलिंगने लहान आतड्याचा शेवटचा भाग होतो आणि दुसऱ्याने कमरेचं हाड. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळायला त्रास, ‘डिस्फेझिया’ म्हणजे बोलण्यातला दोष. ‘ॲबडक्शन’ म्हणजे अवयव शरीरापासून लांब नेणं आणि ‘ॲडक्शन’ जवळ आणणं. म्हणून काळजी घेणारे डॉक्टर ‘ए-बी-डक्शन’ असं अक्षरं फोडून सांगतात. औषधांत सेलेब्रेक्स सांधेदुखीचं, सेलेक्सा नैराश्याचं आणि सेरेबिक्स फिट्सचं. तिन्ही एका श्वासात सारखी वाटतात. यावर उपाय एकच: पेशंटला झालंय काय ते बघा. गुडघा दुखणाऱ्याच्या यादीत सेरेबिक्स आलं तर पुन्हा ऐका.

तिसरी जागा लिहिण्याच्या पद्धतीची. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने (हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) घातक संक्षेपांची यादी केली आहे, ती पहिल्या आठवड्यात तोंडपाठ करा. पूर्ण आकड्यापुढे दशांश शून्य लिहायचं नाही, कारण ‘१.०’चा ठिपका दिसला नाही तर दहा वाचलं जातं. दशांशाआधी मात्र शून्य हवंच, नाहीतर ‘.५’चं पाच होतं. ‘युनिट’ शब्द पूर्ण लिहायचा, कारण नुसतं ‘यू’ हे अक्षर शून्यासारखं दिसतं आणि इन्सुलिनचा डोस दहापट होतो.

शब्द कळलाच नाही तर रिकामी जागा सोडली तर नोकरी जाईल का?

नाही. उलट अंदाजाने भरलेल्या शब्दाने जाऊ शकते. रिकामी जागा, शेजारी ऑडिओतली वेळ आणि ऐकू आलं तसं उच्चारण लिहिलेली टीप, एवढं दिलं की वरचा क्यूए एका मिनिटात ती भरतो. अंदाजाचा शब्द मात्र खरा दिसतो, कोणी तपासत नाही आणि तो कुणाच्या तरी कागदपत्रांत कायमचा बसतो. त्या पेशंटला तुम्ही कधी बघणार नाही, पण पुढचा डॉक्टर तुमची ओळ वाचूनच औषध देणार आहे. प्रामाणिक रिकामी जागा ही या कामातली पहिली शिकवण आहे.

अर्थात एका पानात दहा रिकाम्या जागा राहात असतील तर तयारी कमी आहे. क्यूएने भरून परत पाठवलेली प्रत रोज पुन्हा ऐका. तीन महिन्यांत फरक जाणवतो.

पैसे कसे मोजतात?

ओळीवर. स्पेससकट ६५ अक्षरं म्हणजे एक ओळ, हा या धंद्यातला रुळलेला हिशेब. काही ठिकाणी ऑडिओच्या मिनिटावर, काही ठिकाणी पगारावर.

दहा मिनिटांच्या डिक्टेशनच्या साधारण १२० ओळी होतात. मुरलेला माणूस त्या पाऊण तासात करतो, नवख्याला दीड-दोन तास लागतात. फक्त हिशेबासाठी ओळीला एक रुपया धरला, तर नवख्याचे तासाला साठ-ऐंशी रुपये झाले. एडिटिंगला दर टायपिंगच्या निम्म्याच्या आसपास असतो. तिथे वेग दुप्पट झाला नाही तर तोटाच आहे. काम घेण्याआधी हे विचारा: स्पेस मोजता का? हेडिंग आणि तयार मजकूर मोजता का? अचूकता ९८ टक्क्यांखाली गेली तर किती कापता? आणि फाईल नसेल त्या दिवशी काय?

रात्री जागावं लागतं का?

बहुधा. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ बदलतं, तेव्हा तुमची पाळीही तासाने सरकते. चोवीस तासांत द्यायच्या फाईली सकाळी करता येतात. दोन-चार तासांतल्या तातडीच्या फाईलींना मात्र जागावंच लागतं. गणपतीत सुट्टी हवी तर आधी सांगून घ्या, तिकडे तो साधा कामाचा दिवस असतो. उलट नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, काम आटतं.

घरात माणसं ये-जा करतात. चालेल का?

पेशंटची माहिती अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखाली गोपनीय आहे, आणि कंपनीशी तुमचा करारही तसाच असतो. स्क्रीन तुमच्या मागून ये-जा करणाऱ्या कोणाला दिसणार नाही अशी ठेवा. उठताना लॉक करा. आवाज फक्त हेडफोनमध्ये. अडलेल्या शब्दाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, अख्खा रिपोर्ट एआय चॅटमध्ये चिकटवणं, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून फाईल करून घेणं, यातलं काहीही केलं तर काम तात्काळ जाऊ शकतं. वेगळी खोली नसेल तर कोपरा चालेल. सायबर कॅफे मुळीच नाही.

क्लास कसा निवडायचा?

एक प्रश्न पुरेसा आहे: डॉक्टरांच्या आवाजातला किती तासांचा सराव देता आणि प्रत्येक फाईल तपासून परत कोण देतं? उत्तरात फक्त नोट्स आणि सर्टिफिकेट असेल तर उठा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्याला ती हमी लेटरहेडवर लिहून मागा. साधारण सहा महिने, रोज चार तास, यापेक्षा कमी वेळात तयार करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मूळ मार्कशीट कुणाकडेही जमा करू नका.

पहिलं काम थेट घरून मिळतं का?

क्वचित. पुष्कळ कंपन्या सहा महिने-वर्षभर ऑफिसात बसवतात आणि मग घरून काम देतात. बेळगावात राहून सुरुवात करायची तर दुसरी वाट आहे: शहरातली डायग्नोस्टिक सेंटर आणि मोठी हॉस्पिटलं. सोनोग्राफी, सीटी, एमआरआयचे रिपोर्ट टाईप करायला तिथे माणूस लागतो. पैसे थोडे मिळतात, पण रेडिओलॉजीची भाषा रोज कानावर पडते, डॉक्टर समोर असल्याने अडलेलं विचारता येतं आणि अनुभवाचं पत्र मिळतं. निपाणी, चिकोडीच्या मुलामुलींना यासाठी कोल्हापूरही जवळ आहे.

‘घरबसल्या टायपिंग, आधी रजिस्ट्रेशन भरा’ असा मेसेज आलाय.

भरू नका. खरी कंपनी चाचणी घेते, पैसे घेत नाही. याचा दुसरा प्रकार जास्त त्रासदायक आहे: पैसे मागत नाहीत, ऑनलाइन करारावर सही घेतात, आठवडाभर काम करून घेतात आणि मग ‘अचूकता कमी आली, करार मोडला, दंड भरा’ म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात. घाबरून एक रुपयाही भरू नका. मेसेज, करार आणि नोटीस जपून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. पहिल्या काही तासांत पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त असते. नोटिशीला उत्तर द्यायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. महिलांना ही मदत उत्पन्न न बघता मोफत आहे.

पीएफ, टॅक्स वगैरे?

ओळीवर काम करणाऱ्याला बहुधा पीएफ नसतो, आणि कंपनी टीडीएस कापते. पॅन दिलेला असू द्या, दर महिन्याच्या ओळींचा आणि जमा रकमेचा तक्ता ठेवा आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरा. कापलेले पैसे तेव्हाच परत येतात.

दोन-तीन वर्षांनी पुढे काय?

एडिटर, मग क्यूए. दुसरी दिशा स्क्राइबची: डॉक्टर पेशंट तपासत असतानाच दुरून ऐकून नोंद करायची. तिथे बोलतं इंग्रजी चांगलं लागतं आणि पाळी ठरलेली असते. तिसरी मेडिकल कोडिंगची, म्हणजे रिपोर्ट वाचून आजार आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड देण्याची, पण त्यासाठी कंपन्या बहुधा विज्ञान शाखेची किंवा नर्सिंग, फार्मसीची पदवी मागतात. बी.कॉम., बी.ए. झालेल्यांना क्यूएची वाट जास्त मोकळी आहे. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: तारीख, क्यूएने पकडलेली चूक आणि ती का झाली. मुलाखतीत हीच वही पुढे ठेवता येते, फक्त तिच्यात एकाही पेशंटचं नाव असू नये.